शब्दचर्चा : ‘अंतर’ नेमकं कशातलं?

अनुवादाची वही

नमस्कार मंडळी. ‘डिस्टन्स’ या एकाच कल्पनेवर निरनिराळ्या शाखांतल्या अभ्यासकांनी लिहिलेली एक लेखमाला सध्या मराठीत आणते आहे. पहिले दोन लेख गणिताचे आणि भूगोलाचे. तिथे ‘अंतर’ लिहून काम भागलं. तिसऱ्या लेखात मात्र अडले. मी लिहिलं होतं, ‘या दोन समाजांत फार अंतर आहे.’ कच्चा खर्डा घरी वाचायला दिला, तर सासूबाईंनी विचारलं, ‘म्हणजे गावं लांब आहेत, की चालीरीती वेगळ्या?’ मूळ लेखिकेला यांतलं काहीच म्हणायचं नव्हतं. तिला म्हणायचं होतं, की ही माणसं एकमेकांच्या घरी जेवत नाहीत.

आपल्या ‘अंतर’चा पसारा मोठा आहे. पुण्याहून साताऱ्याचं अंतर. दोघा भावांच्या स्वभावातलं अंतर, म्हणजे फरक. अंतरंग, अंतर्यामी, म्हणजे आत. भाषांतर, धर्मांतर, देशांतर यांत ‘दुसरा’. (संस्कृतातला ‘दुसरा’ अर्थाचा अंतर आणि ‘आतला’ अर्थाचा अंतर हे मुळात वेगळे शब्द आहेत असं व्युत्पत्तिकार मानतात. एकाचं नातं इंग्रजी ‘अदर’शी, दुसऱ्याचं लॅटिन ‘इंतेर’शी.) शिवाय ‘अंतर देणे’ आणि ‘अंतरणे’ आहेतच. ‘माहेर अंतरलं’ म्हणणारी बाई किलोमीटर सांगत नसते.

तर प्रश्न असा : सगळीकडे ‘अंतर’च ठेवावं, की शाखेगणिक भेद, तफावत, दुरावा, दूरत्व असे शब्द वाटून द्यावेत? माझा कल वाटून देण्याकडे आहे.

गणितवाले सर

ताई, वाटून देऊ नका. नववीच्या भूमितीच्या पुस्तकात ‘दरम्यानता’ नावाचा भाग आहे. प पासून फ पर्यंतचं अंतर आणि फ पासून ब पर्यंतचं अंतर यांची बेरीज प पासून ब पर्यंतच्या अंतराइतकी भरली, की फ हा त्या दोघांच्या दरम्यान. बघा, ‘दरम्यान’ ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट तिथे निव्वळ अंतराच्या बेरजेतून सिद्ध होते. मुलांना हे शिकवताना मला दर वर्षी आनंद होतो.

पुढे जाऊन गणिताने अंतराच्या फक्त अटी ठेवल्या. स्वतःपासूनचं अंतर शून्य, दोन वेगळ्या गोष्टींमधलं शून्याहून जास्त. जाण्याचं आणि येण्याचं अंतर सारखं. आणि तिसऱ्या ठिकाणावरून वळसा घेतला तर वाट कधीच कमी होत नाही. या अटी पाळणारं काहीही अंतर म्हणून चालतं, मग ते दोन बिंदूंमधलं असो, दोन वक्रांमधलं असो की दोन शब्दांमधलं. १९०६ साली मॉरिस फ्रेशे यांनी आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली आणि शब्द वापरला ‘एकार’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ तफावत, फरक. म्हणजे अमूर्त अंतराला नाव देताना त्यांनीही लांबीचा शब्द न घेता फरकाचा घेतला. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आधीपासून नांदतात. ही आपली अडचण नाही, आपल्या हाती आलेली सोय आहे.

अटी मोडतात तेव्हा जास्त मजा येते. लक्ष्मी रस्ता एकदिशा आहे. दुचाकीवरून जाण्याचं अंतर वेगळं, येण्याचं वेगळं. तिथे दुसरी अट कोसळली.

भूगोलाची शिक्षिका

सरांच्या उदाहरणात माझं एक. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि पलीकडची गावं तुटतात. नकाशावरचं अंतर तेच, पण दवाखाना दोन दिवस लांब जातो. आमच्या शाखेत वॉल्डो टोब्लर यांनी १९७० साली मांडलेला नियम प्रसिद्ध आहे : सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा लांबच्यांपेक्षा जास्त. तो शिकवताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, जवळ म्हणजे कशाने जवळ? रस्त्याने, वेळेने, की एसटीच्या तिकिटाने?

ध्रुवतारा

आकाशाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्या आजीकडे घड्याळ नव्हतं. ‘कासराभर दिवस वर आला’ असं ती म्हणायची. कासरा म्हणजे बैलांचा दोर. क्षितिजापासून सूर्य किती चढला हे ती दोराच्या लांबीने सांगायची आणि अर्थ असायचा वेळ. खगोलात याला आम्ही कोनीय अंतर म्हणतो. दोन तारे आकाशात बोटभर जवळ दिसतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या कितीतरी मागे असतो. तेव्हा अनुवादात ‘अंतर’ आलं की पहिल्यांदा पाहा, कोनात आहे की लांबीत.

‘प्रकाशवर्ष’ तर उलट्या दिशेने चालतं : शब्द काळाचा, माप लांबीचं. सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. १८३८ साली बेसेल यांनी पराशयाच्या रीतीने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर काढलं, सुमारे १० प्रकाशवर्षं. सूर्याभोवती फिरताना आपली जागा बदलते, त्यामुळे तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित हललेला दिसतो. त्या हलण्यावरून अंतर. एक डोळा मिटून आणि मग दुसरा मिटून आपलं बोट पाहिलं की हेच कळतं.

आणि फार लांबच्या दीर्घिकांना तर एकच अंतर नसतं. तेजावरून काढलेलं वेगळं, आकाशातल्या आकारावरून काढलेलं वेगळं. विश्व प्रसरण पावतं, म्हणून. जिच्या प्रकाशाची लहर आपल्यापर्यंत येताना ताणून दुप्पट झाली, तिचं पहिलं अंतर दुसऱ्याच्या चौपट येतं. दोन्ही बरोबर. कोणतं अंतर ते सांगितलं नाही तर वाक्याला अर्थच नाही.

आकडेमोड

संख्याशास्त्रातलं अंतर तर आपल्याच देशात घडलं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यापुढे माणसांची मापं होती : उंची, डोक्याची रुंदी, नाकाची लांबी. दोन समूह एकमेकांपासून किती वेगळे, हे एका आकड्यात कसं सांगायचं? मापांतले फरक नुसते एकत्र करून चालत नाही, कारण मापं एकमेकांबरोबर वाढतात. उंच माणसाचे हात लांब असणारच, त्यात नवल नाही. बुटक्या माणसाचे हात लांब असले, तर तो आपल्या समूहापासून खरंच दूर आहे. हे लक्षात घेणारं माप त्यांनी १९३६ साली मांडलं आणि त्याचं नावही ‘अंतर’च ठेवलं. महाराष्ट्रात इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी अशीच शरीरमापं गोळा केली होती. ती १९५१ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली.

जनुकशास्त्राचं एका वाक्यात : १९१३ साली स्टर्टेव्हंट यांनी फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला, तेव्हा दोन जनुकांमधलं अंतर त्यांनी ती दोन किती टक्के वेळा एकमेकांपासून सुटतात यावरून ठरवलं.

समाजशास्त्र, एम.ए.

तुमच्या सासूबाईंचा प्रश्न फार नेमका आहे. एमोरी बोगार्डस यांनी १९२५ साली सामाजिक अंतराची मोजपट्टी केली. अमुक गटाच्या माणसाशी लग्नसंबंध चालेल का, मैत्री चालेल का, शेजार चालेल का, आपल्या व्यवसायात चालेल का, देशाचा नागरिक म्हणून चालेल का, अशा उतरत्या पायऱ्या. मराठीला ही पट्टी परकी नाही. आपल्याकडे ‘रोटीबेटी व्यवहार’ हा शब्दच आहे आणि त्याच्या दोन पायऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. रोटी चालते, बेटी चालत नाही, हे अंतराचंच माप.

म्हणून २०२० मध्ये ‘सामाजिक अंतर पाळा’ अशा पाट्या लागल्या, तेव्हा मला फार त्रास झाला. ज्या देशात कोणी किती पावलं लांब उभं राहायचं हे जन्मावरून ठरत होतं, विहिरीपासून, देवळापासून, माणसापासून, तिथे हे दोन शब्द असे सहज भिंतीवर रंगवायला नको होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच मार्चमध्ये ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली. मराठीत ‘सुरक्षित अंतर’ पुरेसं होतं.

वऱ्हाडची बोली

दोन शब्दांतलं अंतर मोजायची एक रीत लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली दिली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, तेवढं अंतर. शब्दलेखन तपासणारी सॉफ्टवेअर अशाच मोजणीवर चालतात. बोलींचे नकाशेही हिने काढता येतात. आपण म्हणतोच ना, बारा कोसांवर भाषा बदलते. ही म्हण आता आकड्यांत तपासता येते.

पण या मोजणीत एक गोष्ट सुटते, आणि ती मला जिव्हाळ्याची आहे. ‘पाणी’ आणि ‘पानी’. अंतर एक. ‘डोळा’ आणि ‘डोया’. अंतर एक. संगणकाला दोन्ही सारखीच. मी आठवीत गाव सोडून शहरातल्या शाळेत गेलो. पहिल्याच आठवड्यात बाईंनी धडा वाचायला उभं केलं आणि मी ‘पानी’ वाचलं. सगळा वर्ग हसला. बाईंनी तो शब्द मला दहा वेळा म्हणायला लावला. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. एका अक्षराचं अंतर, आणि मी मागच्या बाकावर. बोगार्डसची पायरी आणि लेव्हेनश्टाइनचा एकचा आकडा तिथे एकाच ठिकाणी होते. आज मी बोलींवर काम करतो, मुलाखती घेतो, आणि कोणी ‘पानी’ म्हटलं की ते तसंच टिपून घेतो.

तेव्हा ताई, ‘अंतर’ ठेवाच. फक्त दर वेळी विचारा, हे मोजतंय कोण?

कोयनाकाठ

थोडं बाजूचं लिहितो, चालत नसेल तर सांगा. भौतिकशास्त्राच्या लेखात अंतराच्या जोडीला ‘विस्थापन’ येईल. शाळेत शिकवतात : घरून शाळेत गेलात आणि परत घरी आलात, तर अंतर दुप्पट आणि विस्थापन शून्य. निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतची सरळ रेषा, दिशेसकट. माझा मुलगा हे पाठ करत होता आणि माझे वडील शेजारी बसले होते. ते म्हणाले, ‘आमचं कधी शून्य झालं नाही.’ कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांतली माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडे पांगली. परत जायला गाव जागेवर नाही.

अनुवादाची वही

सगळ्यांचे आभार. माझं मत बदललं. शाखेगणिक शब्द वाटून दिले असते, तर गणितातला तो एक धागा, फरकाला लांबीसारखं मोजण्याचा, मराठीत तुटला असता. ‘अंतर’ ठेवते आणि प्रत्येक लेखात पहिल्यांदा येईल तिथे कशातलं ते लिहिते : कोनीय, सामाजिक, शब्दांतलं. जिथे मोजणीच नाही तिथे मात्र दुसरा शब्द घेईन. सौंदर्यशास्त्राच्या लेखात बुलो यांची १९१२ मधली कल्पना आहे, समुद्रावरचं धुकं भीती बाजूला ठेवून नुसतं पाहण्याची. तिथे ‘ताटस्थ्य’ घेते. तटावर उभा तो तटस्थ. समुद्राच्या उदाहरणाला तो आपसूकच बसतो.

अडलेलं वाक्य आता असं आहे : ‘या दोन समाजांत रोटीव्यवहारही नाही. समाजशास्त्रात याला सामाजिक अंतर म्हणतात.’ सासूबाईंनी वाचलं आणि काही विचारलं नाही.

कोयनाकाठ, एक विचारते. भौतिकशास्त्रात ‘विस्थापन’ ठेवावंच लागेल, पुस्तकातला शब्द आहे. पण लेखमालेत स्थलांतरावरही एक लेख आहे. तुमच्या घरात या गोष्टीला काय म्हणतात?

कोयनाकाठ

वडील ‘धरणग्रस्त’ म्हणतात, कारण कागदावर तेच लिहिलंय. आईच्या तोंडी दोन्ही शब्द नाहीत. ती म्हणते, ‘गाव उठलं.’