इंग्लंडमधल्या आत्यासाठी तक्रार मिरजेत बसून कशी करायची?

किल्लाभाग_मिरज
नमस्कार मंडळी. इथं बाहेरदेशी राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

माझी आत्या मिरजेत नर्सिंग शिकली आणि सत्तरच्या दशकात इंग्लंडला गेली. निवृत्तीपर्यंत तिकडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली. लग्न केलं नाही. आता ऐंशीच्या पुढं आहे, स्मृतिभ्रंश झालाय, एका खासगी केअर होममध्ये असते. खर्च तिचं घर विकून आलेल्या पैशातून चालतो. नात्याचं तिथं कुणीच नाही. एक जुनी मैत्रीण आहे केरळची, ती अधूनमधून जाऊन येते.

आम्ही रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आजार वाढला तसं आत्याचं इंग्रजी गेलं. नोकरीभर त्या भाषेत पेशंट सांभाळले, आणि आता निव्वळ मराठी बोलते, तीही आमच्या आजीची. "कवा आलास रं?" म्हणते. मध्यंतरी दंडावर काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाली, "उठिवताना वढत्यात." पुढच्या रविवारी दुसऱ्या हातावर तसंच.

मैत्रिणीनं तिथल्या काउन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, कळवलं. एक बाई येऊन गेल्या. इंग्रजीत विचारलं, आत्या हसली. मग फोनवर दुभाषी जोडून दिला, तो हिंदीचा! आत्याचं हिंदी म्हणजे मिरजेच्या वॉर्डातलं, "दर्द किधर है" एवढंच. तिनं मान हलवली. त्यानंतर काउन्सिलनं होमलाच चौकशी करायला सांगितलं. होमनं कळवलं, पलंगाचा कठडा लागला असावा. प्रकरण बंद. मी फोन केला तर, तुम्ही कोण, माहिती देता येत नाही.

बहीण म्हणते गप्प बस, राग तिच्यावर काढतील. पोरगा म्हणतो केस ठोका. वकील बघू का? भारतीय उच्चायुक्तालयाला लिहू का?

वाईची_लेस्टरकर
दादा, मी इकडं एका काउन्सिलच्या प्रौढ समाजसेवा विभागात बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त आहे. आत्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर उच्चायुक्तालयाचा उपयोग नाही. वकील आत्ता नको.

इंग्लंडात २०१४ चा केअर अ‍ॅक्ट आहे. त्याच्या कलम ४२ प्रमाणे, ज्या माणसाला देखभालीची गरज आहे, छळ किंवा हेळसांड होण्याचा धोका आहे आणि त्या गरजेमुळेच स्वतःचा बचाव करता येत नाही, त्याच्याबाबत काउन्सिलनं चौकशी करायची किंवा करवून घ्यायची. होमचा खर्च स्वतःच्या खिशातून असला तरीही. मेख त्या "करवून घ्यायची" मध्ये आहे. होमला सांगणं कायद्यात बसतं, पण जबाबदारी काउन्सिलचीच राहते. आणि संशय होमच्याच माणसांवर असताना होमचा कागद बघून फाईल मिटवणं, हे माझ्या मते निव्वळ काम उरकणं आहे.

आधी काउन्सिलला नव्यानं सेफगार्डिंगची, म्हणजे छळ किंवा हेळसांडीच्या संशयाची, खबर द्या. कुणीही देऊ शकतं, मिरजेतूनही. तक्रारीच्या उत्तराची वाट बघू नका, हे दोन वेगळे रस्ते आहेत. मारहाण झाल्याची खात्री वाटली तर पोलीस.

मग तक्रार. त्यात "आत्याला मारलं" यावर जोर देऊ नका, त्यावर ते होमचा कागद पुढं करतील. "तुम्ही तिला विचारलंच नाही" यावर द्या. मराठी दुभाषी का नाही? २००५ च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टप्रमाणे तिची निर्णयक्षमता तपासली का? चौकशीत भाग घेणं तिला फार अवघड होतं आणि जवळचं योग्य माणूस नव्हतं, मग कलम ६८ प्रमाणे स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट का नेमला नाही? (हा वकील नव्हे, तिची बाजू मांडणारा माणूस.) दंड कुणी तपासला, रोजच्या नोंदवह्या कुणी वाचल्या?

पोच तीन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी. उत्तर पटलं नाही तर स्थानिक सरकार आणि समाजसेवा यांचे लोकपाल आहेत. फी नाही. गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत जायचं. पण आधीच सांगते, कुणी ओढलं हे लोकपाल ठरवत नाहीत. काउन्सिलनं काम नीट केलं का, एवढंच बघतात. चूक दिसली तर माफी, चौकशी पुन्हा, थोडीफार रक्कम असं सुचवतात. कुणाची नोकरी जाईल ही आशा धरू नका.

तासगावचा_आबा
बाई, चौकशीला मुदत किती?

वाईची_लेस्टरकर
कलम ४२ च्या चौकशीला कायद्यात ठरलेली मुदत नाही, आबा.

तासगावचा_आबा
घ्या! आपल्याकडं २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगीच्या अर्जाला नोटीस लागल्यापासून ९० दिवस, फार तर ३० वाढवून. शेजारच्या म्हातारीचा अर्ज एका प्रांत कचेरीत पडलाय. कधी साहेब दौऱ्यावर, कधी निवडणुकीच्या कामाला. पोरगा तारखेला येत न्हाई. मुदत असून ही गत, तिकडं तर मोकळं रान.

कराडचा_विज्या
आबा, तुमचा वेगळा धागा काढा. दादा, आत्याचं कुलमुखत्यारपत्र कुणाकडे आहे?

किल्लाभाग_मिरज
पैशाचं एका सॉलिसिटरकडं. तब्येतीचं कुणाकडंच नाही.

वाईची_लेस्टरकर
विजयरावांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. दोन्ही पत्रं वेगळी असतात. पैशाच्या व्यवहारात गडबड वाटली तर पब्लिक गार्डियनचं कार्यालय त्याची चौकशी करतं. इथं तसं काही दिसत नाही. तब्येतीचं पत्र नाही, म्हणजे आत्यांना ठरवता येत नसेल तिथं निर्णय त्यांच्या हिताचा बघून घ्यायचा, आणि शक्य तिथं त्यांच्या भल्याची काळजी असणाऱ्यांना विचारायचं. मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टचं कलम ४ बघा. "तुम्ही कोण" म्हटलं की हे सांगा. माहिती द्यायला ते कांकू करतील, पण तुमची माहिती घेणार नाही असं म्हणता येत नाही. केअर होमची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनलाही कळवा. ते एकेकट्याची तक्रार सोडवत नाहीत, पण पुढच्या तपासणीत अशा गोष्टी विचारात घेतात.

किल्लाभाग_मिरज
ताई, दोन्ही मेल टाकले, फोटो जोडले. काल संध्याकाळी काउन्सिलमधून फोन आला. बाई आधीच्या नव्हत्या, ऐकून घेत होत्या. मराठी दुभाषी देऊ म्हणाल्या. मी म्हटलं मीच व्हिडिओवर असतो, तर नको म्हणाल्या. हे काय? तिचं बोलणं माझ्याएवढं कुणाला कळणार?

वाईची_लेस्टरकर
त्यात त्या बरोबर आहेत. नातेवाईक दुभाषी झाला की उद्या होम म्हणणार, यांनीच वदवून घेतलं. पण दुभाषी सांगली-कोल्हापूरकडची बोली समजणारा हवा, असं लेखी मागा. वेळही तुम्ही सुचवा, आत्या कधी ताज्या असतात ते तुम्हालाच ठाऊक. आणि त्यांना ऐकू कितपत येतं? कानाला यंत्र आहे का?

किल्लाभाग_मिरज
आहे. कॉलवर मात्र कधी घातलेलं दिसत नाही. आजच होमला मेल टाकतो, काउन्सिलला प्रत लावून.