'बेघर' नको, मग काय लिहू?

पाटीवाला: आमच्या शहरातल्या रात्रनिवाऱ्याची पाटी रंगवायची आहे. जुनीवर 'शहरी बेघर निवारा केंद्र' आहे. त्यावरून तिथले एक आजोबा उखडले. "बेघर कोण? गावाला घर आहे माझं, घरपट्टी अजून माझ्याच नावावर येते." दुसरा शब्द सुचवा.

तळटीप: 'बे' फारसी. आपल्याकडे 'अनिकेत' आहे की, गीतेच्या बाराव्या अध्यायातला.

आगाऊ कार्टी: माझ्या भावाचं नाव! आईबाबांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि पोराचं नाव ठेवलं बेघर.

तळटीप: तिथे तो भक्ताचा गुण आहे. घराची आसक्ती नसलेला.

पंचगंगाकाठ: फुटपाथवर झोपणाऱ्याला आसक्ती नाही म्हणायचं? आणि बेइमान, बेजबाबदार म्हणताना फारसी खुपत नाही ती. आमच्याकडं एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही पाव्हणाच. "कुठलं पाव्हणं?" इथनं सुरुवात, उतरेपर्यंत सोयरीक निघते. 'पाहुणे' लिहा.

आगाऊ कार्टी: 'सरकारी पाहुणे' म्हणजे तुरुंगातले हो!

निवृत्त वकील: हसू नका. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानुसार पकडून नेण्यासाठी माणूस भीक मागताना दिसायलाच हवा असं नाही. कमाईचं साधन दिसत नाही, रस्त्यावर फिरतोय, भिकेवर जगत असावा असं वाटतं, एवढंही पुरतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती.

तळटीप: 'अतिथी'ची 'ज्याला तिथी नाही' ही फोड सगळे सांगतात. मला 'अत्' म्हणजे भटकणे हा धातू जास्त पटतो. मनुस्मृतीत तर एकच रात्र राहणारा तो अतिथी. तेव्हा 'अतिथिगृह'.

पंचगंगाकाठ: तिथं मंत्री उतरतात. 'धर्मशाळा' लिहा. गाडगेबाबांनी बांधल्या त्या काय कमी प्रतीच्या होत्या?

आगाऊ कार्टी: उशिरा घरी गेलं की आई म्हणते, "ही काय धर्मशाळा आहे?"

मावशी: पूर्वी वाटसरू ओसरीवर पथारी टाकायचा. नाव-गाव कोण विचारत होतं!

पंचगंगाकाठ: नाव नाही मावशी, जात विचारायचे. पंढरपुरात बाबांना चोखामेळा धर्मशाळा वेगळी का बांधावी लागली?

मावशी: ते खरंच. पण आमच्या कोकणात पडवी हो, ओसरी नव्हे.

तळटीप: दोन्ही एक नाहीत. ओसरी घराच्या मूळ छपराखाली, पडवी मागून काढलेली.

मावशी: आमची पुढेच होती, आणि घराबरोबरच बांधलेली. झोपाळा होता तिच्यात!