बेळगावहून मेलबर्न: बेंगलोर, मोपा (गोव्याचं विमानतळ) की मुंबई? आणि सामानाचं काय?

खानापूरचा_गडी
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला हाय, व्हीटीयूची बीई झाली, आता जुलैला मेलबर्नला मास्टर्सला चाललोय, दोन वर्षांचा कोर्स. व्हिसा आलाय. खरं आमच्या घरातलं आजवर कुणी विमानात बसलेलं नाही त्यामुळे जो भेटतो तो वेगळंच सांगतो. मामा म्हणतात मुंबईला चल, गाडी करून सोडतो. दोस्त म्हणतो मोपा जवळ, चोर्ला घाट उतरला की आलंच. एजंट म्हणतो सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्याच विमानतळावरून, बेंगलोरचं एक तिकीट काढ आणि तिथून मेलबर्नचं वेगळं काढ, बरेच पैसे वाचतात. पैसे वाचले तर बरंच आहे, कर्ज काढून चाललोय, खरं यात काय गोम आहे का?

आणि एक, पासपोर्टवर जन्मगाव जुन्या स्पेलिंगचं बेळगाव आहे आणि मार्क्स कार्डावर बेळगावी. अडवतील का कोण? आई आत्तापासूनच कुंदा, तूप, चटण्या काढून ठेवायलीय, ते न्यायला चालतं काय तेवढं सांगा.

टिळकवाडी_ते_पर्थ
अभिनंदन दोस्ता. आधी स्पेलिंगचं, त्याचं काय टेन्शन घेऊलास. नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बदललं, त्याआधीच्या कागदांवर जुनंच असणार, निम्म्या जिल्ह्याचे कागद तसेच आहेत. (बोलताना आपण बेळगावच म्हणणार, तो विषय वेगळा.) बघायचं ते तुझं स्वतःचं नाव. आपल्याकडे मार्क्स कार्डावर नुसतं इनिशियल असतं, आडनाव कधी पुढं कधी मागं. तिकीट पासपोर्टवर जसं आहे तस्सं काढ, अक्षर न अक्षर.

आता तिकीट. एजंटचं ऐकू नको. दोन वेगळे पीएनआर (बुकिंग नंबर) म्हणजे दोन वेगळे प्रवास, एकाचा दुसऱ्याशी काय संबंध नाही. जुलैत सांबऱ्याला ढग खाली आले की विमान उशिरा येतंय, कधी कॅन्सल होतंय, आणि तुझं बेंगलोरचं विमान निघून गेलं तर त्या कंपनीच्या लेखी तू आलाच नाहीस, विषय संपला, नवीन तिकीट तुझ्या पैशानं. बरं डोमेस्टिकला साधारण १५ किलो सामान फुकट, तुझ्याकडं असणार तीस-चाळीस, म्हणजे वाचलेल्या पैशातले निम्मे सांबऱ्यालाच काउंटरवर मोजणार. बेंगलोरला बॅगा परत घ्या, परत चेक-इन करा, ते वेगळंच.

त्यापेक्षा आदल्या दिवशी रात्रीच्या ट्रेननं नाहीतर स्लीपरनं बेंगलोर गाठ, कुणाकडं तरी दिवसभर थांब, आंघोळ-जेवण कर आणि मग निघ. बेंगलोर ते सिंगापूर साडेचार तास, तिथून मेलबर्न साडेसात, दोन्ही एकाच तिकिटावर घे. सामान थेट मेलबर्नला जातंय, फक्त काउंटरवर चिकटवलेला टॅग वाचून बघ शेवटचा कोड मेलबर्नचा आहे का. सिंगापूरला विमानतळाबाहेर पडायचं नाही, त्यामुळं तिथला व्हिसा लागत नाही. काही कंपन्या स्टुडंटला जास्त वजन देतात, तिकीट काढायच्या आधी विचारून घे, नंतर देत नाहीत.

निपाणीकर
वरच्या भावाशी सहमत, खरं मुंबईला एवढं का टाळायचं? आम्ही निपाणीवाले हायवेवरच बसलोय, मुंबईच सोपी पडते, विमानं पण जास्त. फक्त कागल ते सातारा सहापदरीचं काम आणि वर पाऊस, त्यामुळे मामांना म्हणावं पहाटे निघून रात्रीचं विमान धरायचं असला हिशोब नको, मध्ये पुण्यात मुक्काम टाका. मोपाचं मात्र डोक्यातून काढ. तिथून मेलबर्नला थेट विमान नाही, दिल्ली-मुंबईसारखं दुसरं विमानतळ करूनच जायचं, आणि जुलैत चोर्ल्यात कधी दरड येईल सांगता येत नाही.

शहापूरची_काकू
बाळा, माझी लेक तिकडंच आहे मेलबर्नला, म्हणून लिहिते. कुंदा नेऊ नको. तुपाचा डबा पण नको. तिकडं जनावरांना लाळ्या-खुरकूत नाही आणि ती येऊ नये म्हणून आपल्याकडचं दुधाचं काही आत घेत नाहीत, खव्याची मिठाई तर नाहीच. विमानात एक कार्ड देतात, खायचं काही आणलंय का म्हणून विचारतात, तिथं "हो" वर खूण करायची. सांगितलं आणि चालत नसलं तर काढून टाकून देतात, बस. लपवलं आणि सापडलं तर मोठा दंड, व्हिसासुद्धा रद्द करू शकतात. कुत्री फिरत असतात वास घेत. आईला सांग दुकानातला सीलबंद तिखट-मसाला दे, तो दाखवून नेता येतो, बाकी तिथं इंडियन दुकानात डाळ-तांदूळ-पीठ सगळं मिळतं. औषधं असतील तर तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घेऊन.

आणि जुलै म्हणजे तिकडं ऐन थंडी. सकाळी सहा-सात डिग्री. जाकीट मोठ्या बॅगेत तळाला कोंबू नको, अंगावर नाहीतर हातात ठेव, आमची पोरगी विमानतळाच्या दारात बॅग उघडून बसली होती चपला-कपडे बाहेर काढत, लोक बघत होते.

टिळकवाडी_ते_पर्थ
काकू एकदम बरोबर. हातातल्या बॅगेत काय ते पण सांगतो: व्हिसाचं ग्रँट लेटर (पासपोर्टवर शिक्का-बिक्का नसतोय, सगळं ऑनलाइन, म्हणून प्रिंट जवळ ठेव), कॉलेजचं सीओई (प्रवेश पक्का झाल्याचा कागद), हेल्थ कव्हरचा कागद, राहायचा पत्ता, एक दिवसाचे कपडे, पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकलीस तर बॅग उघडायला बोलावतात. खोबऱ्याची वाटी कुठल्याच बॅगेत नको, तेल असतं म्हणून पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. तिथल्या मोठ्या बँका इथूनच ऑनलाइन खातं उघडू देतात, ते करून जा, रोख थोडीच ठेव. विमानतळावरून स्कायबस सदर्न क्रॉस स्टेशनला सोडते. आणि कामाचं डोक्यात असेल तर क्लास चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, पहिल्याच आठवड्यात कुणी रोखीत जास्त तास देतो म्हणाला तर हो म्हणू नको.

खानापूरचा_गडी
लई आभार सगळ्यांचे. बेंगलोर, एकच तिकीट, ठरलं. मामांना सांगितलं तर जरा रुसलेत, आता म्हणतात मग बेंगलोरपर्यंत गाडीनंच सोडतो. काकू, आईला तुमचं वाचून दाखवलं, म्हणाली खव्याचं नको तर बेसनाचे लाडू करते. त्यात पण तूपच की!

शहापूरची_काकू
करू दे की. बेंगलोरला जिथं थांबशील त्यांना ने, वाटेत मामांना दे. आणि फोनचं लक्षात ठेव, जुलैत तिकडं साडेचार तास पुढं असतं. आई रात्रीचं जेवण आवरून नऊला फोन करेल तेव्हा तुझा दीड वाजलेला असणार. दुपारी तीनची वेळ ठरवून ठेव, तुझी संध्याकाळ होते.

निपाणीकर
मामांना गाडीनं येऊ दे रे, चाळीस किलो घेऊन ट्रेनमध्ये चढायचं म्हणजे हाल. फक्त बेंगलोरात शिरताना गोरगुंटेपाळ्याला ट्रॅफिक असतंय, विमानतळ पार देवनहळ्ळीला, तेवढे दोन तास जास्तीचे धरा. आणि टर्मिनल दोन, तिथंच इंटरनॅशनल.