अनुभव धागा: जाहिरातीने तुमच्या घरात काय आणलं?

‘आम्ही जाहिराती बघून काही घेत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठीच हा धागा काढलाय. म्हणतो तसं मीही. पण दिवाळीच्या यादीत मोती साबण असतोच, आणि एरवी वर्षभर आमच्या न्हाणीघरात त्याचं नावही निघत नाही. मुठीत धड न मावणारी ती जाडजूड गोल वडी मुळात टाटांच्या टॉमको कंपनीची. १९९३ साली टॉमको हिंदुस्तान लिव्हरमध्ये गेली. पहाटे दारोदार ‘उठा उठा’ करत फिरणारे ते आजोबा आठवतात ना? मळ निघतो की नाही, कातडी मऊ होते की नाही, यावर त्यांचा जोर नव्हताच. त्यांनी फक्त वेळ झाल्याचं सांगितलं. अभ्यंगस्नान आपलं, उटणं आपलं, त्या ताटात साबण कधी येऊन बसला ते कळलंच नाही.

तुमच्याकडे काय आलं? उपदेश नको, किस्से लिहा.

किराणावाला (मिरज)
टीव्हीवर नवी पावडर, नवं बिस्किट सुरू झालं की पाठोपाठ गिऱ्हाईक विचारत येतं. माल नसला तर समोरच्या दुकानात जातं, म्हणून आम्ही आधीच भरून ठेवतो. सेल्समनसुद्धा ‘जाहिरात येतेय, दोन पेट्या घ्या’ असंच म्हणतो. म्हणजे जाहिरात आधी दुकानदाराला लागते, गिऱ्हाइकाला मागून. शाम्पूच्या पुड्यांची माळ कुठे टांगायची तेही तोच दाखवून जातो, वर त्याची स्कीम मिळते. गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या मात्र खाली, पोरांच्या नाकासमोर. आई तूरडाळीचा भाव विचारत असते तोवर पोराचा हात बरणीवर गेलेला असतो. हे मला कुठल्या कंपनीने शिकवलं नाही, वडिलांपासून चालत आलंय.

सावळीच बरी
आमच्याकडे गोरेपणाची क्रीम आली ती मावशीच्या पिशवीतून, बघण्याचा कार्यक्रम ठरल्याबरोबर. सोबत रंग मोजायची कागदी पट्टी! मावशी ती माझ्या गालाला लावून खिडकीच्या उजेडात बघायची, साडीला मॅचिंग ब्लाउजपीस बघतात तशी. जाहिरातीतली मुलगी आधी उजळायची, मग तिला नोकरी लागायची. पदवीचा उल्लेखही नसायचा. ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली १९७५ साली, तिच्या नावातला ‘फेअर’ गेला २०२० मध्ये. मधल्या काळात किती मावश्यांनी किती पट्ट्या धरल्या असतील कोण जाणे. मावशी वाईट नव्हती हो. तिला खरंच वाटायचं की पोरीचं भलं करतोय.

पडद्यामागची (पुणे)
मी ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. ‘फक्त २ शिल्लक’, उलटं धावणारं घड्याळ, ‘नको, मला बचत करायची नाही’ असं लिहिलेलं फिकट बटण हे सगळं आमच्याच धंद्यातलं. नकार द्यायची लाज वाटावी म्हणून ते वाक्य तसं लिहितात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणं दोन्ही त्यात आहेत. पण ‘आणखी ६० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत’ यात खोटं काहीच नाही, म्हणून ते चालतं. सगळी मेख माहीत असूनही मी त्या ६० रुपयांची खारी मागवते, आणि ती संपतेही.

जुना दादरकर
उलटा किस्सा सांगतो. सर्फची ललिताजी टीव्हीवर आली की आई हातातलं काम ठेवून ऐकायची. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक ती बाई ठणकावून सांगायची. आई मान डोलवायची, ‘बाई बोलते अगदी बरोबर’. आणि वाण्याच्या यादीत लिहायची निरमा! करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू केलेली ती पिवळी पावडर आमच्या पगारात बसायची. सर्फचा एक छोटा पुडा तेवढा असायचा, वडिलांच्या ऑफिसच्या पांढऱ्या शर्टांपुरता. आमच्या गंजीफ्रॉकांना ललिताजी कधी लाभली नाही.