स्वरांतरांचे गट रेशोवरून पाडायचे की कानावरून?

कोमलनिषाद (धागाकर्ता)
मायक्रोटोनल ट्यूनिंगचं (नेहमीच्या बारा स्वरांपलीकडच्या जुळवणीचं) काहीही वाचायला घेतलं की प्राइम लिमिट येतंच. रेशोमधल्या (दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या गुणोत्तरातल्या) आकड्यांचे अवयव पाडायचे, सगळ्यात मोठी मूळ संख्या बघायची, की झालं, 3:2 चा पंचम 3 च्या घरात, 5:4 चा गंधार 5 च्या, 7:4 चा निषाद 7 च्या. दिसायला सुंदर, पण मला हे कागदावरचं वर्गीकरण वाटतं, कानाचं नाही. 3001:2000 घ्या. 3001 मूळ संख्या आहे म्हणून हे स्वरांतर गेलं 3001 च्या घरात, आणि शुद्ध पंचमापासून ते आहे जेमतेम 0.6 सेंट लांब (अख्ख्या सप्तकाचे 1200 सेंट). कोण ओळखणार? उलट 81:64 चा गंधार 3 च्या घरात म्हणून 5:4 पेक्षा साधा ठरतो, पण दोन्ही षड्जाबरोबर वाजवून बघा, कुठला जुळतो ते लगेच कळतं. आधी सेंटमध्ये मोजा, रुंदीवरून गट पाडा, रेशो नंतर.

तारजुळवणी
कोण ओळखणार काय, स्वर लांबवर धरला तर मी ओळखेन. खालचा 200 हर्ट्झ, वरचा 300.1. खालच्याचा तिसरा हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येची तिप्पट) 600, वरच्याचा दुसरा 600.2, म्हणजे दर 5 सेकंदांना एक लाट, आवाज वाढतो नि ओसरतो. शुद्ध 3:2 ला ती लाट नसतेच. आणि सप्तकाच्या 12 समान भागांतला 400 सेंटचा गंधार ह्याच 200 वर धरा, सेकंदाला जवळपास 8 लाटा येतात. पूर्णांक कानाला कळतात हो.

कोमलनिषाद
पण तुम्ही ऐकताय ते 3:2 पासूनचं अंतर. 3001 कुठे ऐकू आला? ह्या दोन स्वरांचे हार्मोनिक पहिल्यांदा जुळतात 6,00,200 हर्ट्झला, आपला कान 20,000 च्या आसपास थांबतो.

धातुपट्टी
आणि हे सगळं तार किंवा गळ्यापुरतंच. सारख्या जाडीच्या मोकळ्या धातूच्या पट्टीचे स्वर मूळ स्वराच्या 1, 2.76, 5.40 पट असे पडतात, तिथे 5:4 ला कसला आधार? जावा-बालीच्या गामेलान वाद्यवृंदात (त्यात मुख्यतः धातूची वाद्यं) अनेकदा सप्तकसुद्धा 2:1 पेक्षा ताणलेलं असतं.

अवयवपाडू
सगळे चुकीच्या मापाला दोष देताय. प्राइम लिमिट साधेपणा मोजतच नाही, ते स्वर कुठल्या वाटेने आला ते सांगतं. 81:64 म्हणजे चार पंचम वर आणि दोन सप्तकं खाली. साधेपणासाठी ऑड लिमिट आहे (2 चे अवयव काढून टाकले की उरलेल्यातला मोठा आकडा), त्यात 81:64 ला 81 आणि 5:4 ला 5, अमेरिकन संगीतकार हॅरी पार्चने 11 पर्यंतचं हेच माप धरून त्यावर 43 स्वरांची श्रेणी उभी केली. रुंदीवरून गट पाडलेत तर 386 आणि 408 सेंट दोन्ही एकाच खणात जाणार, आणि मग हे कसं समजावणार बघा: षड्जावरून 6:5 खाली, 4:3 वर, 3:2 खाली, 4:3 वर. परत षड्जावर यायला हवं ना? शुद्ध स्वरांनी गाणारा 21.5 सेंट खाली उतरलेला असतो. तोच 81:80 चा कॉमा, म्हणजे दोन वाटांनी आलेल्या स्वरांतला बारीक फरक. सेंट सांगतात किती घसरला, का घसरला ते अवयव पाडल्यावरच दिसतं.

कोमलनिषाद
हे पटलं, 'रेशो नंतर' मागे घेतो. पण 31 समान भागांच्या ट्यूनिंगचं काय? पंचम 18 पायऱ्यांचा, चार पंचम 72, दोन सप्तकांच्या 62 वजा केल्या की 10. आणि 5:4 ला सगळ्यात जवळची पायरीही दहावीच, 387 सेंट. एकच स्वर, मग घर 3 चं की 5 चं?

अवयवपाडू
दोन्ही वाटा एकाच दारात येतात, कारण 31 मध्ये 81:80 चा शून्य होतो. 53 भागांत होत नाही, तिथे 5:4 सतराव्या पायरीवर आणि चार पंचमांचा गंधार अठराव्या. कुठला कॉमा मिटतो ह्यावरूनच तर अशी ट्यूनिंग वेगळी काढतात.

कोमलनिषाद
मग स्वरांतराला एक घर द्यायचा हट्टच सोडा आणि त्या ट्यूनिंगमध्ये त्याच्याकडे येणाऱ्या वाटा लिहा. 3001 ला मात्र मी अजूनही घर देणार नाही.