उतारवयात सेवेसाठी परदेशी गेलेली जोडपी : तुम्ही पाहिलीत का?

अक्रारिटर्न
सकाळी डबे भरत होते आणि व्हॉट्सॲप वाजलं. युटाहून आजींचा निरोप : धाकट्या नातवाला मिशनसाठी जागा मिळाली, घाना! तेव्हापासून डोक्यात नुसतं अक्रा फिरतंय.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे, घानाच्या राजधानीत, होतो तेव्हा हे आजी-आजोबा आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे. (त्यांच्या चर्चला हल्ली हे नाव नकोय, पण इथे तेच कळेल.) विशीतली मुलं दोन वर्षं मिशनवर, म्हणजे चर्चच्या सेवेला, जातात हे ऐकून होते. पण मुलं-बाळं मार्गी लागलेली नवरा-बायकोही जातात, आणि पदरचा पैसा घालून जातात, हे यांच्यामुळे कळलं. तरुणांना चर्च सांगेल तिथे जावं लागतं, ज्येष्ठांना निदान आपली पसंती कळवता येते. यांनी घर भाड्याने दिलं, गाडी विकली आणि सत्तरीला टेकलेले असताना अक्रात नवा संसार मांडला.

मला वाटलं होतं दिवसभर बायबल वाटत फिरतील. छे. आजी मिशनच्या ऑफिसात. कुणाचं तिकीट, कुणाचा व्हिसा, कुणाला मलेरिया, कोण घरच्या आठवणीने रडतंय. आजोबा पिकअप घेऊन त्या तरुण पोरांच्या खोल्या तपासायला गावोगाव. मच्छरदाणी फाटलीय का, पाण्याचा फिल्टर धुतला का, सिंकमधली भांडी कधीची. विशीतल्या मुलांच्या खोल्या त्या, काय सांगू! घरी आले की आधी अंघोळ, मग बोलणं. लाईट तर रोज गेलेले, त्यामुळे संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीत.

फिरणं फक्त शनिवारी. रविवारी चर्च, त्या दिवशी भाजीसुद्धा विकत घेणार नाहीत. एकदा आम्हालाही काकुमच्या जंगलात नेलं. तिथे झाडांच्या शेंड्यांवरून दोरांचे सात झुलते पूल आहेत, खाली काही ठिकाणी चाळीसेक मीटर काही नाही. आमचे हे पहिल्याच पुलावरून परत. आजी टोपी सांभाळत पुढे. येताना केप कोस्टचा किल्ला पाहिला. गुलामांना डांबायची तळघरं आणि त्यांना जहाजावर चढवायचं दार. पुरुषांच्या कोठडीच्या बरोब्बर डोक्यावर इंग्रजांचं प्रार्थनाघर होतं. आजोबा म्हणाले, "वर बसलेले लोक माझीच गाणी म्हणत असणार." पुढे बराच वेळ ते गाडी नुसती चालवत राहिले.

तुमच्या ओळखीत आहे का असं कुणी? पंथ, संस्था कुठलीही चालेल. आपली माणसं तिकडे गेलेली किंवा तिकडची इकडे आलेली. येऊ द्या.

कोपरीकर
सत्तरीत घाना!! आमचे बाबा कोपरीतून स्टेशन ओलांडून पश्चिमेला यायचं म्हटलं तरी "आता या वयात कशाला" म्हणतात.

बेलापूर_लोकल
मॉर्मन चहा पीत नाहीत ना? मग पाहुणचार कसा केलात?

अक्रारिटर्न
चहा-कॉफी दोन्ही बंद. मायलो प्यायचे, बोर्नव्हिटासारखं असतं, तिथे घरोघरी मिळतं. पण झाडपाल्याचे काढे चालतात. गवती चहा अक्रात भरपूर, त्यात आलं ठेचून उकळून दिला एकदा. मग काय, आजोबा संध्याकाळी स्वतःचा कप घेऊनच खाली उतरायचे.

बेलापूर_लोकल
पत्तीशिवाय गवती चहा म्हणजे ताप आलेल्या माणसाचं पेय. पण ठीक आहे, श्रद्धेचा मान राखतो.

नेरूळची_काकी
आमचे मोठे भाऊजी आणि जाऊबाई. मिशनरी नाहीत, विपश्यनावाले. रिटायर झाल्यापासून इगतपुरीला सेवा द्यायचे. मुलगी अमेरिकेत, तिच्या बाळंतपणाला गेले आणि तिथल्याच केंद्रावर जाऊन राहिले. मॅसॅच्युसेट्समधलं धम्म धरा, १९८२ पासूनचं आहे, उत्तर अमेरिकेतलं पहिलं. पहाटे चारला घंटा. साधकांना मौन, यांना स्वयंपाकघर. दिवसातून तीनदा सगळ्यांबरोबर ध्यानाला बसायचं आणि मधल्या वेळात शेकडो गाजरं सोलायची. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, राहायचं वेगळं, जेवायचं वेगळं. जाऊबाई म्हणाल्या, संसारात पहिल्यांदा ह्यांनी दहा दिवसांत एकदाही "माझा चष्मा कुठंय" विचारलं नाही.

कोर्स संपला की जवळच्या शेलबर्न फॉल्सला चक्कर. तिथे १९०८ चा जुना ट्रॉलीचा पूल आहे, ट्रॉली बंद पडली तेव्हा गावच्या बायकांनी १९२९ पासून त्यावर बाग लावली. पूर्ण पुलावर फुलं! खाली नदीपात्रात रांजणखळगे. भाऊजी मूळचे पारनेर तालुक्यातल्या निघोजचे, तिथले रांजणखळगे प्रसिद्धच. निघोजच्या माणसाला खळगे दाखवून वर विचारतात, कसे वाटले? कुकर झाला, बाकी नंतर लिहिते.

शंकासूर
धागा छान, पण शेवटी ही मंडळी धर्मांतरासाठीच येतात ना? त्यावर कुणी बोलणार नाही.

अक्रारिटर्न
बोलते की. तरुण मुलं त्यासाठीच दारोदार जातात, लपवत कुणी नाही. आजी-आजोबांनी आम्हाला एकदाही पुस्तक दिलं नाही. आमच्या गणपतीला आले, उकडीचे मोदक खाल्ले आणि आजींनी कृती लिहून घेतली. मला जे दिसलं ते लिहिलं. सगळीकडचा हिशोब माझ्याकडे नाही.

नाताळकरंजी
सलाम मंडळी. शंकासूर, ठाण्याला हा प्रश्न फार जुना आहे हो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन ख्रिस्ती साधू इथेच, ठाण्यात, मारले गेले. चीनला निघाले होते. बरोबरचा जॉर्डानस वाचला, त्याने प्रेतं पुरली. पुढे ओडोरिक नावाचा दुसरा साधू त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. मी ठाण्यातच वाढले, शाळेत कुणी अक्षर सांगितलं नाही. आमच्या पाळकसाहेबांकडून कळलं.

माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स. डॉ. वानलेसनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते. आजीच्या काळात ते नव्हते, पण एक वयस्कर अमेरिकन जोडपं होतं. साहेब ऑपरेशनला, मॅडम नर्सिंगच्या मुलींना शिकवायला. मॅडम मराठीतून अशी रागवायच्या की मुली हसायच्या. सुट्टी मिळाली की दोघं पन्हाळ्याला. नाहीतर नरसोबावाडीला नदीकाठी जाऊन बसायचे आणि येताना स्टाफसाठी बासुंदी आणायचे. देवळात जात नसत, बासुंदी चुकवत नसत. आजी हे सांगताना दरवेळी स्वतःच हसायची.

कोपरीकर
बासुंदीपुढे सगळे पंथ एक.

घोडबंदर_गोगलगाय
कापूरबावडीला अडकलोय म्हणून अख्खा धागा वाचून झाला. केप कोस्टच्या जवळच एल्मिनाचा किल्ला आहे, पोर्तुगीजांचा, १४८२ चा. म्हणजे वास्को द गामा इकडे यायच्या सोळा वर्षं आधी! तेच लोक पुढे वसईला आले, आमच्या घोडबंदरचा किल्लाही त्यांचाच. तो पाहायला कुणी शनिवारी पिकअप काढत नाही, मीसुद्धा इतकी वर्षं नुसता फाट्यावरून जातोय. बाकी विषयावर माझ्याकडे काही नाही.

नेरूळची_काकी
गाडी चालवताना टाइप करू नका.

घोडबंदर_गोगलगाय
काकी, बसमध्ये आहे. तीही उभी आहे आणि मीही.

खारघर_सेक्टर
अक्रारिटर्न, माझी अक्राला बदली ठरतेय, आईला बरोबर न्यायचंय, वय ६६. तिला बीपी आहे. काय तयारी?

अक्रारिटर्न
पहिलं यलो फीव्हरचं. प्रमाणपत्राशिवाय घानात घेत नाहीत आणि परत येताना आपलेही लोक विमानतळावर पिवळं कार्ड मागतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी हवी, सरकारमान्य केंद्रावरच. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीपुढच्यांना ती जपून देतात, त्यामुळे आईंच्या डॉक्टरांना आधी विचारा, मगच तिकिटं. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या. गोडा मसाला आणि हिंग इथून न्या, बाकी तुरीच्या डाळीपर्यंत सगळं भारतीय दुकानांत मिळतं. भेंडी तर आपल्यापेक्षा जास्त खातात ते लोक.

खारघर_सेक्टर
आईला भेंडी आवडत नाही. पण सांगतो.