नेव्हीत वकील म्हणून वरच्या पदापर्यंत जाता येतं का?

सागरिका_एलएलबी: बहीण लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, नेव्हीत जायचं म्हणते. तिथले वकील नेमकं काय करतात आणि पुढे कुठवर जाता येतं?

गलबत: लॉ केडरमध्ये (नेव्हीच्या कायदा शाखेत) शॉर्ट सर्व्हिस कमिशनने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीवर घेतात, ट्रेनिंग केरळात एझिमलाला. कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे नेव्हीतल्या आरोपींवर खटला चालवणाऱ्या लष्करी कोर्टात, 5 ते 9 अधिकारी बसतात, ते सगळे काही कायदा शिकलेले नसतात, त्यामुळे ट्रायल जज ॲडव्होकेट, म्हणजे कायदा जाणणारा अधिकारी, शेजारी बसून कोणता पुरावा चालेल, कोणता नाही ते सांगतो, पण निकालात मत त्याचं नसतं. मला तर हेच सगळ्यात अवघड काम वाटतं, कारण समोरच्याची अख्खी नोकरी पणाला लागलेली असते!

जुना_खलाशी: सगळ्यात वर जज ॲडव्होकेट जनरल. नेव्ही ॲक्ट 1957 प्रमाणे कोर्ट मार्शलच्या निकालांची कायदेशीर तपासणी त्यांच्याकडे असते, म्हणजे केवढी जबाबदारी बघा. शिवाय सागरी कायदा असतोच.

सागरिका_एलएलबी: मुलींना परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, मिळतं का?

गलबत: हो, 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तिला आवर्जून वाचायला सांगा.